पीटर सेलर्सच्या हुकलेल्या भूमिका

नटाच्या कलेचा पुरावा म्हणजे त्याने केलेल्या भूमिका. न केलेल्या भूमिकांना पुराव्याचे स्थान कितपत द्यावे, हा प्रश्न चित्रपटाच्या इतिहासकाराला सहसा पडत नाही. हा सारा प्रांत तो चित्रपट-साप्ताहिकांतील गप्पांच्या स्वाधीन करून मोकळा होतो. अमक्याने नाकारले म्हणून तमक्याचे नशीब उघडले, एवढ्यावर या गप्पा थांबतात. वस्तुतः एखाद्या नटाला कोणती भूमिका पेलेना, कोणती त्याने अव्हेरली आणि कोणती निसटता निसटता हाती लागली, हे नीट तपासले तर त्याच्या कलेची घडण आणि तिच्या मर्यादा या दोहोंवर प्रकाश पडतो. इंग्रज विनोदी नट पीटर सेलर्स (१९२५–१९८०) याच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. सेलर्स भूमिकेत शिरे तो आवाजाच्या दाराने. पात्र कसे बोलते हे एकदा सापडले की त्याची चाल, मान वळविण्याची तऱ्हा, मिशांचा आकार हे सारे मागाहून येई. आणि आवाज सापडला नाही तर बाकी काहीच येत नसे. त्याच्या हुकलेल्या भूमिकांचा हिशेब म्हणूनच आवाजाच्या अंगाने मांडावयास हवा.

सेलर्सचा जन्म ८ सप्टेंबर १९२५ रोजी पोर्ट्स्मथमधील साउथसी येथे झाला. आईबाप दोघेही रंगमंचावरील करमणुकीच्या धंद्यातले. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली तो विमानदलात भरती झाला. परंतु दृष्टी अधू असल्यामुळे वैमानिक होणे शक्य नव्हते. सैनिकांच्या मनोरंजनासाठी राल्फ रीडर याने उभारलेल्या ताफ्यात तो दाखल झाला आणि या ताफ्याबरोबर हिंदुस्थान, सिलोन व ब्रह्मदेश येथे हिंडला. अधिकाऱ्याचा गणवेश चढवून त्यांच्याच भोजनगृहात त्यांच्याच ढबीने बोलत तो बेमालूम वावरे, अशा आख्यायिका त्या काळाविषयी सांगितल्या जातात. आख्यायिकांतील तपशील बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. हिंदी माणसाच्या इंग्रजीचा हेल आणि हिंदुस्थानात मुरलेल्या गोऱ्या लष्करी अधिकाऱ्याची बोलण्याची धाटणी या दोन्ही गोष्टी त्याच्या कानांत पडल्या त्या या भ्रमंतीत, आणि पुढे त्याने त्या जन्मभर वापरल्या.

युद्धानंतर काम मिळेना. तेव्हा १९४८ साली बी.बी.सी.च्या रॉय स्पीअर या निर्मात्याला त्याने दूरध्वनी केला. स्वतःच्या नावाने मात्र केला नाही. केनेथ हॉर्न आणि रिचर्ड मर्डॉक या त्या वेळच्या दोन लोकप्रिय नभोवाणी-कलावंतांचे आवाज काढून त्याने 'पीटर सेलर्स नावाच्या होतकरू तरुणाची' शिफारस केली व शेवटी खरा प्रकार सांगून टाकला. काम मिळाले. हा किस्सा त्याच्या प्रत्येक चरित्रात येतो, आणि तो गमतीचा म्हणूनच येतो. पण पाहणाऱ्याचा डोळा जेथे नाही अशा ठिकाणी या नटाची ताकद सर्वांत अधिक होती, याचा तो पहिला दाखला आहे.

१९५१ ते १९६० या काळात चाललेल्या 'द गून शो' या नभोवाणी-कार्यक्रमाने ही ताकद साऱ्या ब्रिटनला परिचित करून दिली. त्याचा प्रमुख लेखक स्पाइक मिलिगन याचा जन्म १९१८ मध्ये तेव्हाच्या अहमदनगरात, आजच्या अहिल्यानगरात झालेला. वडील ब्रिटिश हिंदी फौजेत असल्यामुळे त्याच्या बालपणाची काही वर्षे पुण्यात गेली. मिलिगनने लिहावे आणि सेलर्सने एकाच भागात चार-चार, पाच-पाच गळ्यांनी बोलावे, असा हा प्रकार होता. भित्रा आणि लाचखाऊ मेजर ब्लडनॉक, गुळगुळीत बोलून गळा कापणारा ग्रिटपाइप-थिन, शाळकरी पोर ब्लूबॉटल, जराजर्जर हेन्री क्रन : हे सारे सेलर्सच. इंग्रजी समाजात ही किमया विनोदापुरती राहत नाही. अपरिचित माणूस बोलू लागला की मराठी श्रोता प्रथम त्याचा मुलूख ओळखू पाहतो : हा वऱ्हाडचा, हा तळकोकणातला, हा देशावरचा. इंग्रज श्रोता दोन-तीन स्वरांवरून मुलूख आणि वर्ग या दोन्ही गोष्टी एकदम ठरवितो, आणि त्या ठरल्या की माणसाची किंमतही ठरून जाते. अशा समाजात ज्याला कोणत्याही वर्गाचे स्वर काढता येतात तो नट सर्वांच्या घरांत चोरवाटेने शिरू शकतो.

चित्रपटांतही सेलर्सचा आवाज त्याच्या चेहऱ्याच्या आधी पोहोचला. 'बीट द डेव्हिल' (१९५३) च्या वेळी मोटार-अपघातात हंफ्री बोगार्टचे दात गेल्यामुळे त्याची काही वाक्ये सेलर्सने त्याच्या आवाजात म्हटली. 'द मॅन हू नेव्हर वॉज' (१९५६) मधील चर्चिलचा आवाज त्याचाच. 'द लेडीकिलर्स' (१९५५) मध्ये त्याला चेहऱ्यासकट भूमिका मिळाली, पण त्यातील पोपटही तोच बोलला.

हातची जाता जाता राहिलेली पहिली महत्त्वाची भूमिका म्हणजे 'आय ॲम ऑल राइट जॅक' (१९५९) मधील कामगार-पुढारी फ्रेड काइट. बोल्टिंग बंधूंनी ती देऊ केली तेव्हा सेलर्सने प्रथम नकार दिला. तीत विनोद कुठे आहे हेच त्याला दिसेना. कागदावर पाहता त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते, कारण काइटच्या तोंडी कोटी नाही आणि त्याच्या हातून फजितीही होत नाही. अखेर त्याचे एक चाचणी-चित्रण घेण्यात आले आणि यंत्रांमागे उभे असलेले कामगारच हसू लागले, तेव्हा त्याची खात्री पटली. काइटमधील विनोद भाषेत आहे. संघटनेच्या ठरावांची आणि परिपत्रकांची भाषा अंगावर चढवून हा मनुष्य बोलतो. प्रत्येक साध्या गोष्टीला जड शब्द वापरतो, आणि त्या शब्दांच्या ओझ्याखाली त्याचे मूळचे लंडनी व्याकरण मोडून पडते. भाषाशास्त्रात ज्याला अतिशुद्धी म्हणतात त्या प्रवृत्तीचे याहून सुरेख चित्र पडद्यावर क्वचितच पाहावयास मिळते. ही प्रवृत्ती कागदावर वाचून कळत नाही, ऐकावी लागते. सर्वोत्कृष्ट ब्रिटिश नटाचे ब्रिटिश अकादमीचे पारितोषिक त्याला या भूमिकेने मिळवून दिले.

यानंतरचा योगायोग असा की सेलर्सची सर्वांत लोकप्रिय भूमिका ही दुसऱ्याची हुकलेली भूमिका होती. 'द पिंक पँथर' मधील फ्रेंच पोलीस-निरीक्षक क्लूझो पीटर उस्टिनॉव्ह करावयाचा होता. चित्रीकरण तोंडावर आले असता तो बाजूला झाला आणि सेलर्सला घाईने रोमला बोलावण्यात आले. उलट, जूल्स डासँच्या 'टॉपकापी' मधील आर्थर सिम्प्सनची भूमिका सेलर्सला देऊ केली होती. ती त्याने घेतली नाही आणि ती उस्टिनॉव्हकडे गेली. ५ एप्रिल १९६५ च्या ऑस्कर समारंभात उस्टिनॉव्हला त्याच भूमिकेबद्दल साहाय्यक नटाचे पारितोषिक मिळाले. त्याच रात्री सेलर्स 'डॉ. स्ट्रेंजलव्ह' साठी प्रमुख नटाच्या स्पर्धेत होता. ते पारितोषिक 'माय फेअर लेडी' मधील रेक्स हॅरिसनला, म्हणजे ध्वनिशास्त्राच्या प्राध्यापकाची भूमिका करणाऱ्या नटाला गेले! उच्चारांवर जगलेल्या नटाचा उच्चारशास्त्रज्ञाकडून झालेला हा पराभव भाषेच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे.

'डॉ. स्ट्रेंजलव्ह' (१९६४) मधील हुकलेली भूमिका मात्र योगायोगाची नाही, आणि तिचा विचार थोडा सविस्तर केला पाहिजे. 'लोलिता' (१९६२) मध्ये स्टॅन्ली क्युब्रिकने सेलर्सकडून क्विल्टी हे बहुरूपी पात्र करवून घेतले होते. त्या यशामुळे कोलंबिया कंपनीने नव्या चित्रपटात सेलर्सने अनेक भूमिका कराव्यात अशी अटच घातली. ठरल्या त्या चार : ब्रिटिश विमानदलातील मँड्रेक, अमेरिकेचा अध्यक्ष मफ्ली, जर्मन वंशाचा शास्त्रज्ञ स्ट्रेंजलव्ह, आणि अणुबॉम्ब घेऊन निघालेल्या विमानाचा टेक्ससवासी प्रमुख मेजर काँग. पहिल्या तिघांचे आवाज सापडले. मँड्रेक तर युद्धकाळापासून कानांत बसलेलाच होता. मफ्लीसाठी त्याने अमेरिकन इंग्रजीतील सगळे उंचसखलपण काढून टाकले, आणि स्ट्रेंजलव्हचा आवाज चित्रीकरणस्थळी वावरणाऱ्या वीजी या मध्य युरोपात जन्मलेल्या छायाचित्रकाराच्या बोलण्यावरून उचलला.

अडले ते काँगपाशी. टेक्ससची बोली आपल्याला साधणार नाही, असे सेलर्स म्हणू लागला. पटकथेचा सहलेखक टेरी सदर्न हा जातीचा टेक्ससचा. त्याने सारे संवाद स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून दिले. सेलर्स ते ऐकून घोकत बसला. पुढे त्याच्या पायाला दुखापत झाली, विमानाच्या अरुंद सांगाड्यात चढ-उतार करणे अशक्य ठरले आणि भूमिका स्लिम पिकेन्सकडे गेली. इतिहासात कारण म्हणून नोंदले जाते ते पायाचे. परंतु पाय दुखावण्यापूर्वीच ही भूमिका त्याच्या हातून निसटू लागली होती, हे सदर्नच्या ध्वनिफितींवरून दिसते. तऱ्हेतऱ्हेच्या बोली लीलेने उचलणाऱ्या या कानाला हीच का अडली? त्याने आत्मसात केलेले बहुतेक आवाज कोणा ना कोणा प्रत्यक्ष माणसाचे होते. 'लोलिता'तील क्विल्टीसाठीसुद्धा त्याने नॉर्मन ग्रॅन्झ या जॅझ-संगीताच्या संयोजकाचा आवाज समोर ठेवला होता. टेक्ससची बोली त्याच्यासमोर आली ती पाठ म्हणून. तिच्यामागचा माणूस त्याला भेटलेला नव्हता. बोली शिकता येते, पण सेलर्स बोली शिकत नसे. तो माणसे उचलीत असे.

चित्रपटाचे यात नुकसान झाले काय? पिकेन्स हा घोडे आणि बैल यांच्या झुंजीच्या खेळांतून आलेला गडी. त्याने आपल्या रोजच्या आवाजात काँग उभा केला. भोवतालची सारी पात्रे पदाची आणि खात्याची भाषा बोलत असता हा एकटा मनुष्य मनापासून बोलतो, आणि बॉम्बवर स्वार होऊन आरोळी ठोकीत खाली जातो. सेलर्सने चारही भूमिका केल्या असत्या तर विनाशाच्या प्रत्येक टोकाला एकच मनुष्य बसला आहे, असा एक चमत्कृतिपूर्ण अर्थ साधला असता. तथापि जो साधला तो अधिक भयंकर आहे. ही भूमिका हुकली ते बरेच झाले, असे निःशंकपणे म्हणता येईल.

१९६४ हे सेलर्सच्या लोकप्रियतेचे शिखर. त्या एका वर्षात त्याचे चार चित्रपट अमेरिकेत प्रकाशित झाले. बिली वाइल्डरच्या 'किस मी, स्टुपिड' मध्ये ऑर्व्हिल स्पूनर या मत्सरी संगीतशिक्षकाचे काम त्याने सुरू केले होते. काही आठवड्यांचे चित्रण झालेही होते. एप्रिलच्या आरंभी त्याला लागोपाठ हृदयविकाराचे झटके आले. वय अवघे ३८. भूमिका रे वॉल्स्टनकडे गेली आणि झालेले चित्रण पुन्हा करावे लागले. येथे कारण निखालस शारीरिक आहे. पण हे जमत नव्हते, याचीही चिन्हे आहेत. क्युब्रिक दोन-तीन छायायंत्रे लावून सेलर्सला मोकळा सोडी आणि तो सुचेल ते बोले; वाइल्डर स्वतःच्या संवादातील एक शब्द इकडचा तिकडे होऊ देत नसे. बरा झाल्यावर सेलर्सने हॉलिवुडमधील कार्यपद्धतीवर वृत्तपत्रातून टीका केली आणि वाइल्डर व सहकलाकार यांनी तिला तसेच कडवट उत्तर दिले. झटका आला नसता तर दोघांपैकी एकाला नमावे लागले असते. कोण नमले असते, हे सांगण्याचे साधन आता नाही.

पुढील दशकाचा वृत्तान्त थोडक्यात आटोपणे बरे. 'कॅसिनो रोयाल' (१९६७) तो अर्ध्यावर सोडून गेला आणि त्याच्या जाण्याने पडलेली भगदाडे त्या चित्रपटात उघडी दिसतात. 'इन्स्पेक्टर क्लूझो' (१९६८) त्याने नाकारला; ॲलन आर्किनने तो केला आणि आज तो फारसा कोणी पाहत नाही. सत्तरीच्या आरंभीचे बरेचसे चित्रपट पडले. १९७५ मध्ये क्लूझो परत आला तेव्हा कुठे बाजारात त्याची पत परतली.

ही पत त्याने खर्च केली ती एकाच गोष्टीसाठी. यर्झी कोसिन्स्कीची 'बीइंग देअर' ही छोटी कादंबरी वाचल्यापासून तीतील चान्स या मंदबुद्धी माळ्याची भूमिका करावयाचीच, असे त्याने घेतले होते. लेखकाला त्याने चान्सच्याच नावाने तार केली होती. भांडवल मिळेना. चित्रपट झाला तो १९७९ साली, हाल ॲशबीच्या दिग्दर्शनाखाली. चान्स जन्मभर एका घरात राहिलेला आणि बोलणे दूरचित्रवाणीवरून शिकलेला. म्हणजे त्याच्या बोलण्यावर ना मुलखाची खूण, ना वर्गाची. खुणांवर जगलेल्या नटापुढे हे नवेच कोडे होते. ध्वनिफितीवर पुन्हा पुन्हा बोलून, ऐकून, खोडून त्याने तो सपाट, संथ आवाज घडविला. स्टॅन लॉरेलच्या बोलण्याची त्यात पुसट छाया आहे. आणि कथेतील सारा विनोद ऐकणाऱ्यांच्या कानांतला आहे. 'चान्स द गार्डनर' हे शब्द श्रीमंतांच्या कानी 'चॉन्सी गार्डिनर' असे खानदानी नाव होऊन पडतात. वर्गाची खूण सापडेना तेव्हा ऐकणारा ती आपल्या पदरची घालतो! शेवटच्या नामावलीबरोबर, सेलर्सला हसू आवरत नाही अशा फुकट गेलेल्या चित्रणाचा तुकडा दाखविण्यात आला, तेव्हा त्याने ॲशबीकडे तारेने निषेध नोंदविला. साऱ्या चित्रपटभर सांभाळलेल्या आवाजावर त्याचे स्वतःचे हसू येऊन पडले होते.

सेलर्सचा हिंदी आवाज हा विषय मुद्दाम शेवटी ठेवला आहे. कारण त्याची सर्वांत मोठी हुकलेली भूमिका त्याच्याशी निगडित आहे. 'गून शो'त लालकाका आणि बॅनर्जी अशी जोडी येई; एक नाव पारशी, दुसरे बंगाली, आणि बोलणे दोघांचे एकच. 'द मिल्यनेअरेस' (१९६०) मध्ये शॉच्या नाटकातील मिसरी डॉक्टर हिंदी करण्यात आला, नाव मात्र अहमद अल् कबीर असे अरबी वळणाचेच राहिले, आवाज तोच. 'द पार्टी' (१९६८) मध्ये चेहरा रंगवून त्याने हृंडी बक्षी हा हिंदी नट उभा केला. हृंडी हे नाव हिंदुस्थानात कोणत्या प्रांतात ठेवतात, याचा शोध घेण्यात अर्थ नाही. आवाज पुन्हा तोच : मूर्धन्य ट-ड, प्रत्येक अक्षराला सारखे वजन, वाक्याच्या शेवटी वर जाणारा हेल. ही लक्षणे खोटी नाहीत. पण पारशाचे, बंगाल्याचे आणि पंजाब्याचे इंग्रजी यांत इकडच्या कानाला जो फरक सहज कळतो तो या आवाजात नाही. ज्या नटाला लंडनच्या दोन पेठांतील भेद काढून दाखविता येत होता, त्याने एका खंडप्राय देशाला एकच गळा दिला. आपल्या फार्सांतील मारवाडी सावकार आणि मद्रासी कारकूनही याच कसबाचे नमुने आहेत, तेव्हा या दोषाचे खापर एकट्या सेलर्सवर फोडण्याचे कारण नाही. एवढे मात्र खरे की येथे त्याने माणूस उचलला नाही, साचा उचलला.

हा साचा मोडण्याचा प्रसंग एकदाच आला. सत्यजित राय यांनी १९६७ मध्ये 'द एलियन' ही पटकथा लिहिली. बंगालमधील एका खेड्याच्या तळ्यात परग्रहावरचे यान उतरते, गावकरी त्याला बुडालेले देऊळ समजून पूजा आरंभतात, आणि बाजोरिया नावाचा मारवाडी व्यापारी तळे उपसून तेथे तीर्थक्षेत्र उभारण्याचा बेत करतो. भांडवल कोलंबियाचे, मध्यस्थ कोलंबोचा माइक विल्सन, आणि बाजोरिया सेलर्स. राय त्याला भेटले. सेलर्स राजी होता. राय हॉलिवुडला गेले त्या सुमारास तो नेमका 'द पार्टी'च्या चित्रणात गुंतलेला होता, ही गोष्ट सूचक आहे. बक्षीच्या भोवती एकही हिंदी कान नव्हता. बाजोरियाच्या भोवती बंगाली खेडूत, बंगाली पत्रकार आणि अमेरिकन इंजिनिअर असणार होते. बंगालमध्ये स्थायिक झालेल्या मारवाड्याचे बोलणे हे तेथल्या तेथेच परके असते. ते 'हिंदी इंग्रजी' म्हणून चालले नसते, आणि भाषेच्या बाबतीत रायांचा कान चालू देणाऱ्यांपैकी नव्हता. काइट ज्या सूक्ष्मतेने उभा राहिला त्या सूक्ष्मतेने एक हिंदी माणूस उभा करणे सेलर्सला भाग पडले असते, किंवा ते आपल्याला जमत नाही हे काँगप्रमाणे कबूल करावे लागले असते.

१९६८ मध्ये सेलर्सने पत्र लिहून माघार घेतली. भूमिका आपल्याला पुरी झालेली वाटत नाही, असे त्याचे कारण. रायांनी उत्तर धाडले ते लहानशा विनोदी पद्यात : मोठी भूमिका हवी होती तर आरंभीच सांगावयाचे होते. चित्रपट झाला नाही. त्याला सेलर्स हे एकच कारण नव्हते. पटकथेच्या हक्कांत विल्सनने स्वतःचे नाव गोवले होते आणि त्या घोळात सारे बारगळले. तरी माघारीचे शब्द लक्षात घेण्याजोगे आहेत. काइटच्या वेळीही त्याची तक्रार भूमिकेत काही नाही अशीच होती. तेव्हा चाचणी-चित्रणात आवाज उमटला आणि तक्रार मिटली. बाजोरियाचे चाचणी-चित्रण होईपर्यंत गोष्ट गेलीच नाही.

सेलर्स २४ जुलै १९८० रोजी लंडनमध्ये वारला. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, ऑक्टोबरच्या आरंभी, रायांनी कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'मध्ये या प्रकरणाची हकीकत लिहून प्रसिद्ध केली. मूळ पटकथा २०१८ मध्ये ग्रंथरूपाने बाहेर आली असून बाजोरियाचे संवाद आता कोणासही वाचता येतात. त्यांतील एकही वाक्य सेलर्सच्या आवाजात पडद्यापर्यंत पोहोचले नाही.